मास्तरांच्या हाताचा वास

मास्तरांनी आयुष्यात कधी खडू हातात धरला नव्हता. स्वतः शिकले ते जेमतेम दहावीपर्यंत, आणि तेही शेवटच्या बाकावर बसून. पण प्राणीगृहात सगळे त्यांना मास्तरच म्हणत, कारण शिकवायची त्यांना भारी हौस. नवीन कोणी कामाला आलं की मास्तर त्याला बाजूला घ्यायचे आणि दार कसं ओढायचं, भुसा किती घालायचा, बटाट्याच्या फोडी किती जाड कापायच्या, हे सगळं दोनदा सांगायचे. ऐकणाऱ्याने मान डोलावली तरी तिसऱ्यांदा सांगायचे. अक्षर मात्र त्यांचं खरोखर मास्तरासारखं होतं, गोल आणि सुटं. प्राणीगृहाच्या दारावर चिकटवलेले सगळे नियम त्यांच्याच हातचे. त्यातला तिसरा नियम होता, "वजनाचा दिवस सोडून प्राण्यांना हात लावू नये."

हे प्राणीगृह म्हणजे मोठ्या प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला असलेल्या दोन खोल्या. एक खोली धुण्याची, दुसरी उंदरांची. मध्ये दार, दाराला वीतभर काच. उंदरांच्या खोलीत बारा महिने उकाडा ठेवावा लागे आणि दिवा लाल, मंद. हे उंदीर काही आपल्या स्वयंपाकघरातले नव्हेत. अंगावर केस नाहीत, कातडी सुरकुतलेली, डोळे नावापुरते, पुढचे दात ओठांच्या बाहेर. जमिनीखाली बिळं करून वीस-पंचवीसच्या घोळक्याने राहणारी ही जात. इथे त्यांना बिळांऐवजी काचेच्या नळ्या आणि नळ्यांनी जोडलेले डबे दिलेले होते. एक डबा झोपायचा, एक खाण्याचा, एक घाणीचा. अशा चार वस्त्या चार टेबलांवर मांडलेल्या होत्या. पाहुणे पहिल्यांदा बघत तेव्हा तोंड वाकडं करत. मास्तरांना त्याचा राग यायचा. ते म्हणायचे, बरं आहे यांना दिसत नाही, नाहीतर यांनीही तुमच्याकडे बघून तोंड वाकडं केलं असतं.

प्रत्येक वस्तीत एक राणी. पिल्लं फक्त तिला. तिच्याखाली बाकीचे, आणि त्या बाकीच्यांतही वरचा-खालचा. तो कसा ओळखायचा, तर अरुंद नळीत दोघे समोरासमोर आले की एक जण पोट टेकून सपाट होतो आणि दुसरा त्याच्या अंगावरून चालत पुढे जातो. भांडण नाही, तंटा नाही. कुणी कुणासाठी सपाट व्हायचं हे ठरलेलं. मास्तरांचं मुख्य काम हेच बघण्याचं. रोज सकाळी नऊ ते अकरा ते स्टुलावर बसून रजिस्टरमध्ये लिहायचे, "वरून नऊ, खालून सतरा." हे आकडे उंदरांच्या पाठीवर बारीक गोंदलेले असत, पण मास्तरांना ते बघावेही लागत नसत. चालीवरून ते ऐंशी-नव्वद उंदीर ओळखायचे. घरी बायको म्हणायची, माझ्या माहेरच्या माणसांची नावं तेवढी यांच्या लक्षात राहत नाहीत.

या नोंदी ज्यांच्यासाठी होत्या त्या संशोधक बाई तिशीच्या आतल्या. तीन वर्षं त्यांचं एकच काम चाललं होतं. मोठ्या झालेल्या मेंदूतही नव्या पेशी तयार होत असतात, आणि त्या किती तयार होतात याचा त्या प्राण्याच्या कळपातल्या जागेशी काही संबंध आहे का, हे त्यांना शोधायचं होतं. ठरलेल्या दिवशी एका वस्तीतली राणी, एक मधला आणि एक सगळ्यात खालचा असे तीन उंदीर त्या घेऊन जायच्या. ते परत येत नसत. त्यांच्या मेंदूचे पातळ काप करून, नव्या पेशींना रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजायची. पहिल्यांदा त्यांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, "म्हणजे ज्याला सगळे तुडवतात, त्याच्या डोक्यात काही नवं उगवतं का, एवढंच ना?" बाई हसल्या, आणि ते वाक्य त्यांनी आपल्या वहीत लिहून घेतलं. मास्तरांची छाती त्या दिवशी दोन इंच फुगली.

आता मास्तरांची गोची सांगायला हवी. पाच भावांत मास्तर चौथे, आणि पाचवा लाडका, त्यामुळे खरे शेवटचे तेच. मोठ्यांचे कपडे, मोठ्यांचे जोडे, ताटात उरलेलं. त्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण त्या नळ्यांतला सगळ्यात खालचा उंदीर दिवसातून चाळीसदा सपाट होताना त्यांना बघवत नसे. खाण्याच्या डब्यात तो शेवटी पोचायचा, आणि तोवर उरायची साल. त्यात आज ना उद्या याचा मेंदू कापला जाणार हेही मास्तरांना ठाऊक. तेव्हा, अगदी पहिल्या वर्षीच, त्यांनी एक गोष्ट सुरू केली. सकाळी साडेसातला, कोणी यायच्या आत, ते चारही वस्त्यांतल्या खालच्या उंदराला एकेक करून बाहेर काढायचे, टेबलावर पसरलेल्या जुन्या टॉवेलवर सोडायचे आणि हातातून रताळ्याची फोड द्यायचे. दहा मिनिटं तो टॉवेलच्या घड्यांत शिरायचा, मास्तरांच्या बाहीत नाक खुपसायचा, चष्म्याच्या घरावर चढून बसायचा. मग परत वस्तीत.

परत सोडण्याची एक रीत होती. हे उंदीर वासावर जगतात. आपल्या वस्तीचा वास ज्याच्या अंगाला नाही तो परका, आणि परक्याला ते फाडून काढतात. म्हणून बाहेर काढलेल्या उंदराला परत सोडण्याआधी घाणीच्या डब्यातला ओला भुसा अंगभर चोळायचा. नळ्या आणि डबे धुतानाही साबण लावायचा नाही, नुसतं गरम पाणी, आणि घाणीचा डबा तर तसाच ठेवायचा. मास्तर हे सगळ्यांना शिकवायचे, आणि सगळ्यात जास्त वेळा त्यांनी ते मावशींना शिकवलं होतं.

मावशी म्हणजे धुण्याच्या खोलीतल्या बाई. नऊ वर्षं त्या रोज नळ्या धूत होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, कोपरापर्यंत हात कायम ओले. बोलणं जेवढ्यास तेवढं. मधली वाट अरुंद होती. समोरून मास्तर आले की मावशी हातातली बादली पोटाशी धरून भिंतीला टेकायच्या आणि मास्तर पुढे जायचे. नऊ वर्षांत एकदाही उलटं झालं नाही. मास्तरांना ते कधी दिसलंच नाही. जो माणूस चार उंदरांसाठी रोज पाऊण तास लवकर यायचा, त्याला हे दिसू नये याला काय म्हणावं. चहासुद्धा मास्तर उंदरांच्या खोलीबाहेरच्या टेबलाशी बसून प्यायचे आणि मावशी धुण्याच्या खोलीत उभ्याने. बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. तशी खुर्ची होती तिथे, पण तिच्यावर टॉवेल ठेवलेले असायचे.

तिसऱ्या वर्षी बाईंच्या हाती आकडे आले. तीन वस्त्यांची मोजणी झाली होती आणि तिन्हींत एकच गोष्ट दिसत होती. सगळ्यात खालच्या उंदराच्या मेंदूत नव्या पेशी सगळ्यात जास्त. राणीपेक्षाही जास्त. सगळ्यांनी, बाईंनीसुद्धा, याच्या नेमकं उलट धरलेलं होतं. साहेबांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, आकडे तीनदा तपासून घेतले आणि मग बाईंचा हात हातात घेऊन म्हणाले की एवढं मोठं काम या विभागात आजवर झालेलं नाही. आता राहिली होती फक्त चौथी वस्ती, आणि तिथला सगळ्यात खालचा होता सतरा नंबर. त्याने तेच दाखवलं की काम पक्कं. बाहेरून तीन तज्ज्ञ ते बघायला येणार होते, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या विभागाचा फोटो निघणार होता. बाईंनी मास्तरांना बजावून सांगितलं, फोटोत तुम्ही पुढच्या रांगेत.

मास्तरांच्या मनाला एकदाही शिवलं नाही की आपल्या रताळ्याचा या आकड्यांशी काही संबंध असेल. हे खोटं वाटेल, पण खरं आहे. चोरून केलेली गोष्ट माणूस इतकी चोरून करतो की ती हिशोबात धरायची असते हे तो स्वतःच विसरतो.

फोटोच्या दिवशी बायकोने इस्त्रीचा पांढरा सदरा काढून ठेवला आणि न्हाणीत नवा साबण. मुलीने सासरहून पाठवलेला, गुलाबाच्या वासाचा, आजवर कपाटात जपून ठेवलेला. मास्तरांनी तो भरपूर चोळला. सदऱ्याचं एक बटण निघालेलं होतं ते लावण्यात वीस मिनिटं गेली, आणि ते धापा टाकत प्राणीगृहात पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. दारातल्या नळाशी नुसत्या पाण्याने हात धुवायचे, हा नियम क्रमांक एक. तो त्या दिवशी राहिला. तीन वस्त्यांना वेळच नव्हता, पण सतरा नंबरला काढल्याशिवाय त्यांना राहवेना. दोन दिवसांनी बाई त्याला नेणार होत्या. टॉवेलवर पाच मिनिटं, रताळ्याची एक फोड, आणि मग घाईघाईने परत. घाणीचा भुसा चोळला, पण दोन बोटांनीच. बाहीला डाग पडला असता.

सदऱ्याची बाही त्यांनी वाचवली. एवढंच त्यांनी त्या सकाळी वाचवलं.

पाहुण्यांच्या तयारीत नऊ ते अकराची नोंद त्या दिवशी राहूनच गेली. दुपारी बारा वाजता पाहुणे उंदरांच्या खोलीत आले. बाई त्यांना चौथी वस्ती दाखवायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. सतरा नंबर खाण्याच्या डब्याच्या कोपऱ्यात पडला होता. मानेपासून पाठीपर्यंत फाटलेला, डोकं चावून चावून चेपलेलं. मरून तीन-चार तास झाले असावेत. त्याचा मेंदू आता काही कामाचा नव्हता. बाईंनी हातमोजे घालून त्याला उचललं, नाकाशी नेलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या की याला साबणाचा वास येतोय.

पाहुण्यांसमोर लाज जाते म्हटल्यावर साहेबांचा आवाज चढला. त्यांनी विचारलं, "नळ्या कोण धुतं?"

"मावशी," मास्तर म्हणाले.

एकच शब्द, आणि तोही खरा. तो तोंडातून गेला आणि मास्तरांनी आपले दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. ते त्यांनी मुद्दाम घातले हे त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि तरी बाहेर काढले नाहीत.

मावशींना बोलावलं. त्या ओल्या हातांनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी विचारलं की साबण लावला होता का. तीन पाहुणे, बाई, साहेब, दोन सहायक, सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे हात हुंगून बघावे असं एकालाही सुचलं नाही. मावशींनी एकदा मास्तरांकडे पाहिलं. मास्तर फरशीकडे बघत होते.

"चुकलं असेल, साहेब," मावशी म्हणाल्या.

उद्यापासून येऊ नका, असं त्यांना तिथल्या तिथे सांगण्यात आलं. त्यांनी बादली पालथी घातली, ब्रश खिळ्याला अडकवला आणि त्या गेल्या. मग एक वाजता ठरल्याप्रमाणे फोटो निघाला, कारण पाहुण्यांना परत जायचं होतं. तो फोटो विभागात अजून लावलेला आहे. पुढच्या रांगेत मास्तर आहेत, पांढरा सदरा, हात खिशात.

त्यानंतरचे आठ दिवस मास्तर काय जगले ते त्यांचं त्यांना माहीत. नळ्या आता त्यांनाच धुवाव्या लागत. पाणी कढत लागे आणि पाठ भरून येई. मावशी एवढ्या नळ्या नऊ वर्षं कशा धूत होत्या हा विचार पहिल्याच दिवशी त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो झटकला, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. खालच्या उंदरांना बाहेर काढणं त्यांनी बंद केलं. स्टुलावर बसून "वरून, खालून" लिहिताना आकडे खोडावे लागायला लागले. रोज निघताना ते ठरवत, उद्या सांगू. उद्या आला की म्हणत, बाई कामात आहेत, साहेब वैतागलेले आहेत, मावशींना एव्हाना दुसरं काम लागलं असेल. स्वतःची समजूत काढण्यात माणसासारखा हुशार प्राणी दुसरा नाही.

घरी त्यांनी तो गुलाबाचा साबण कचऱ्यात टाकला. बायकोने न्हाणी पालथी घातली आणि शेवटी विचारलं. तेव्हा मास्तर चौरंगावर बसून सगळं बोलून गेले. बायको ऐकत राहिली. तिने ना धीर दिला ना दोष. फक्त एवढंच विचारलं, "मग त्या मावशी आता काय करतात?" मास्तरांना माहीत नव्हतं. त्या कुठे राहतात, घरी कोण असतं, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. चौथ्या वस्तीतला उंदीर असता तर त्याच्या आजीचा नंबरही सांगता आला असता.

नवव्या दिवशी बाईंनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर छापलेल्या कागदांचा गठ्ठा होता. चौथी वस्ती सोडून तीन वस्त्यांवरच प्रबंध लिहायचा असं ठरलं होतं. बाई खुशीत नव्हत्या, पण सावरल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्याबद्दल लिहिलंय ते ऐका, आणि त्यांनी वाचलं. मास्तरांच्या काटेकोर आणि प्रामाणिक नोंदींशिवाय हे काम झालं नसतं, असं काहीसं होतं. मास्तरांचे कान तापले. मग पान उलटताना बाईंनी सहज पुढचं वाक्यही वाचलं, की धुलाईच्या कर्मचाऱ्याने साबण वापरल्यामुळे चौथी वस्ती अभ्यासातून वगळावी लागली.

"हे छापलं जाणार?" मास्तरांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, हो, कारण द्यावं लागतं.

मास्तर न विचारता समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाई, साबण माझ्या हाताचा होता."

मग राहिलेलं सगळं निघालं. टॉवेल, रताळं, सकाळचे साडेसात. बाईंनी मध्ये अडवलं नाही. त्यांचं तोंड मात्र हळूहळू उतरत गेलं, आणि ते सतरा नंबरसाठी नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "फक्त चौथ्या वस्तीतला, की चारही?"

"चारही."

"रोज?"

"रोज. रविवारीसुद्धा यायचो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, बाई."

बाईंनी गठ्ठ्यावर हात ठेवला, जणू तो उडून जाईल. वस्तीतल्या बाकीच्या कुणालाही न मिळालेली रोजची दहा मिनिटं त्या खालच्या उंदरांना मिळत होती. नवी जागा, नवे वास, हातातून खाऊ. मेंदूत जे उगवलं ते खालच्या जागेमुळे उगवलं की त्या दहा मिनिटांमुळे, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं.

"म्हणजे तीन वर्षं मी त्यांची जागा मोजतेय असं समजत होते," बाई म्हणाल्या, "आणि मोजत होते तुमची रताळी."

त्या ओरडल्या असत्या तर मास्तरांनी सोसलं असतं. पण त्या उठून खिडकीशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. तशाच म्हणाल्या की हे मी आजच साहेबांना सांगणार, लपवणार नाही, आणि मावशींना परत बोलवायला हवं. मास्तर म्हणाले, मी जातो.

पत्ता कार्यालयातून मिळाला. बसच्या डेपोमागे तिसऱ्या मजल्यावर एक खोली. जिन्यात दिवा नव्हता. दार मावशींनीच उघडलं, आणि मास्तरांना बघून त्या सवयीने बाजूला झाल्या, आत यायला जागा दिली. खोलीत एक खाट, खाटेवर त्यांची म्हातारी आई, कोपऱ्यात शेगडी, दोरीवर कपडे. खुर्ची एकच होती, ती मास्तरांना मिळाली. मावशी उभ्या राहिल्या. आपण कशासाठी आलो हे मास्तर जिन्यात तीनदा पाठ करून आले होते, ते सगळं विसरले. त्यांनी एवढंच सांगितलं की मी बाईंना खरं सांगून टाकलं, तुमच्यावर आता काही नाही, सोमवारपासून या.

"बरं केलंत," मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं. सातलाच यायचे मी, दाराच्या काचेतून रोज दिसायचं. त्या दिवशी तुम्हाला उशीर झाला होता, सदरा पांढरा होता. तुम्ही गेल्यावर वाटेत गुलाबाचा वास राहिला होता."

शहाण्या माणसाने इथे गप्प बसावं. पण त्यांनी विचारलंच, की मग तेव्हा बोलला का नाहीत, चुकलं असेल असं का म्हणालात.

मावशींनी थोडा वेळ विचार केला. उत्तर शोधायला नाही, ते बोलावं की नाही हे ठरवायला.

"काय सांगणार होते मी साहेबांना? मी साबण लावत नाही, मला मास्तरांनी शिकवलंय, त्यांना विचारा? मास्तर तिथेच तर उभे होते."

खाटेवरून म्हातारीने कोण आलंय म्हणून विचारलं. मावशींनी सांगितलं, कामावरचे आहेत. मास्तरांची मान खाली गेली ती वर येईना. ते कसेबसे म्हणाले, मला माफ करा मावशी.

"मला काम पाहिजे, मी येईन," मावशी म्हणाल्या. "पण तुम्ही बाईंना एकटीला सांगितलंत. माझं नाव सगळ्यांसमोर निघालं होतं. त्याच खोलीत, सगळ्यांसमोर सांगा. मग मी ब्रश उचलीन."

त्यांचा आवाज चढला नव्हता. नऊ वर्षांत त्यांनी मास्तरांकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

सोमवारी सकाळी दहाला साहेबांनी सगळ्यांना उंदरांच्या खोलीत बोलावलं. पाहुणे सोडले तर तीच माणसं, शिवाय दुसऱ्या विभागातली सात-आठ जणं, कारण अशी बातमी पायाला चाकं लावून जाते. साहेब आधी मास्तरांना म्हणाले होते की एवढ्या तमाशाची गरज नाही, मी नोटीस लावतो. ती पळवाट होती आणि मास्तरांना ती फार आवडली होती, हेही खरं सांगायला हवं. रविवारी दिवसभर त्यांनी त्या नोटिशीचा मजकूर मनात रचला होता. पण सकाळी आले तर मावशी घरच्या कपड्यांत, पिशवी हातात घेऊन, दाराबाहेर उभ्या होत्या. आत आलेल्या नव्हत्या.

मास्तर टेबलाशी उभे राहिले. लाल दिव्यात सगळ्यांचे चेहरे एकसारखे दिसत होते. ज्यांना त्यांनी तीन-तीनदा शिकवलं होतं ते सगळे समोर होते. त्यांनी हात खिशातून काढून पुढे धरले, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"सतरा नंबर माझ्यामुळे मेला," ते म्हणाले. "साबण माझ्या हाताचा होता. मावशींनी नऊ वर्षांत एकदाही साबण लावलेला नाही, आणि हे मला पक्कं माहीत होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी त्यांचं नाव घेतलं."

मागे एक सहायक खाकरला. बाई रजिस्टरकडे बघत होत्या. मास्तरांना वाटलं होतं की सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट इतके दिवस जे एकट्याचं होतं ते आता बारा जणांचं झालं होतं, आणि या बारा जणांना उद्याही तोंड दाखवायचं होतं, परवाही.

मावशी आत आल्या. लोकांनी त्यांना वाट दिली. धुण्याच्या खोलीत जाऊन त्यांनी पिशवी खुर्चीवर ठेवली, खिळ्यावरचा ब्रश काढला, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि दारातून विचारलं, "आज कुठल्या वस्तीच्या नळ्या धुवायच्यात?"

हे सांगणं मास्तरांचं काम होतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. शेवटी बाईंनी सांगितलं, दुसऱ्या.